गाव बघायचं तर मे महिन्यात: विदर्भात राहायला येण्याआधी

पुण्या-मुंबईहून विदर्भातल्या खेड्यात राहायला येणारी मंडळी जागा बघायला येतात ती बहुतेक डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा हुरडा असतो, वरुड-मोर्शीकडे संत्र्याचे ढीग लागलेले असतात, दिवसा कोवळं ऊन आणि रात्री शेकोटी. विहिरीला पाणी असतं, पांधण, म्हणजे शेतांकडे जाणारा कच्चा रस्ता, कोरडी असते. त्याच भरात इसार दिला जातो. मग पहिल्या मे महिन्यात पाणी आटतं, पहिल्या जुलैत गाडी रुतते आणि दोन-तीन वर्षांत भिंतीला तिरपा तडा जातो. या तिन्ही गोष्टी आधी दिसतात, फक्त त्या हिवाळ्यात दिसत नाहीत. म्हणून दोन फेऱ्या मारा: एक मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि एक जुलैत, चार दिवसांची झड लागलेली असताना. इसाराचं त्यानंतर बघा.

मेच्या फेरीत आधी पाणी बघा. विहिरीत डोकावा, पाणी किती हातांवर आहे ते विचारा, उपसल्यावर परत किती वेळात चढतं तेही विचारा. बोअर आहे एवढ्यावर विसंबू नका. पश्चिम विदर्भात खाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठतं ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात, त्यामुळे शेजाऱ्याच्या बोअरला पाणी आहे म्हणून वीस फुटांवर तुमच्याही लागेलच असं नाही. संत्र्याच्या पट्ट्यात उपसा इतका झालाय की बोअर शेकडो फूट खाली गेल्या आहेत.

पाणी किती याहूनही ते कसं आहे हा प्रश्न मोठा. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथलं भूजल मुळातच खारं आहे, खोल गेलं तरी गोड होत नाही. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत फ्लोराइड आहे. ते चवीला कळत नाही, वासाला कळत नाही. गावात जन्मलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलांचे दात बघा. पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे दिसले तर पाणी तपासल्याशिवाय पुढे जाऊच नका. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. कागदावर दोन आकडे बघायचे: फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत हवं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 ही शेवटची मर्यादा. विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, 500 पर्यंत चांगले, 2000 च्या वर पिण्याचं नावच नको. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. त्याला आरओ लागतो.

आता टाकीचा हिशेब. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. चार माणसांचे झाले 220. शहरातून येणारे इथेच थांबतात आणि कूलर विसरतात. भर उन्हाळ्यात मोठा लोखंडी कूलर तासाला दहा ते वीस लिटर पाणी उडवतो. दिवसाचे दहा तास धरले तर सरासरी दीडशे लिटर, म्हणजे जवळपास तीन माणसांचं पाणी. नळ चार दिवसांआड येत असेल तर माणसं आणि एक कूलर मिळून पाच दिवसांना सुमारे 1900 लिटर लागतात. पाहुणे, कपडे आणि एखादा चुकलेला दिवस धरून 3000 लिटरच्या खाली टाकी घेऊ नका. टाकी गच्चीवर उघड्या उन्हात ठेवली तर दुपारी अंघोळीलाही हात लावता येत नाही. जमिनीत एक हौद आणि वर लहान टाकी, ही जोडी बरी.

कूलर हा इथल्या घराचा अवयव आहे, त्याच्याबद्दल थोडं सविस्तर. तो खिडकीबाहेर, सावलीत बसवायचा आणि समोरच्या भिंतीतलं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. ओली हवा बाहेर पडली नाही तर तासाभरात खोली दमट होते आणि लोक म्हणतात कूलर काम करत नाही. पाणी जड असेल तर ताट्यांवर, म्हणजे कूलरच्या बाजूच्या गवताच्या जाळ्यांवर, पांढरा थर धरतो, हवा अडते. टाकीतलं उरलेलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण काढून टाकायचं, वरून नुसती भर घालत राहायचं नाही. ते साचलेलं पाणी डासांनाही आवडतं.

यात जिवावरची गोष्ट एकच, अर्थिंग. पत्र्याचा डबा, आत पाणी, पाण्यात पंप आणि पंपाची जुनी वायर. अर्थिंग नसेल तर वायर सोलली की सगळा डबा जिवंत होतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, पोरं जातात. जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसरं भोक कशालाच जोडलेलं नसतं. घर भाड्याने घ्या की विकत, सामान उतरवण्याआधी वायरमनला बोलावून प्रत्येक सॉकेट तपासून घ्या. नवीन अर्थिंग करताना अडीच मीटर पाइप, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर हे सगळे करतात. पुढचं बरेच जण करत नाहीत. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पाइपापासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मार्च ते जून दर आठवड्याला त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. मेन स्विचजवळ 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच, लावा. आणि कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण कित्येक घरांत बटण फेजवर नसून न्यूट्रलवर असतं.

मेच्या फेरीत एक रात्र त्याच घरात झोपून बघा. स्लॅबचं घर दिवसभर तापतं आणि ती उष्णता मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतं. जाड मातीच्या भिंतींचं, कवेलूचं, म्हणजे कौलांचं, जुनं घर त्या मानाने कितीतरी थंड. जमत असेल तर ते पाडू नका, दुरुस्त करा. स्लॅब असेल तर एप्रिलच्या आत त्यावर चुन्याचे दोन हात द्या, दर वर्षी, कारण पावसात तो धुऊन जातो. कायमचं हवं असेल तर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा थर. टिनावर सावलीला पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, टाकायची जुनी रीत आहे, पण मे महिन्यात वाळलेली पऱ्हाटी एका ठिणगीचं काम आहे. खाली चूल असेल तर अजिबात नको.

जुलैच्या फेरीत गावापासून जागेपर्यंत पायी जा. काळ्या मातीची पांधण ओली झाली की बुटाला चार-चार किलो गाळ चिकटतो. मोटारसायकलचा मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये माती ठासून बसते, चाक फिरायचं थांबतं. म्हणून गावातली माणसं गाडीला एक काडी अडकवून ठेवतात, दर शंभर पावलांवर उकरायला. या रस्त्याने रात्री दोन वाजता दवाखान्यात कसं जायचं, हा प्रश्न तिथेच, चिखलात उभं राहून स्वतःला विचारा. घर गावठाणात आणि वावर लांब, ही गावकऱ्यांची पद्धत उगाच पडलेली नाही.

तीच माती घराखाली काय करते ते घर बांधणाऱ्याने नीट समजून घ्यावं. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि फाटते. उन्हाळ्यात शेतातल्या भेगेत हात जातो तो त्यामुळे. घर जड असतं, पण कडेला आणि मध्ये ही फूग सारखी नसते, म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे तडे निघतात. जागेची माती घरीच तपासता येते. तीन-चार फुटांवरची माती काढा, उन्हात वाळवा, कुटून बारीक चाळणीने चाळा. दोन सरळ, सारखे काचेचे ग्लास घ्या. दोन्हींत दोन-दोन सपाट चमचे माती. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळा, बुडबुडे जाऊ द्या, चोवीस तास हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी पाण्यातल्या मातीची उंची रॉकेलमधल्यापेक्षा दीडपट किंवा त्याहून जास्त दिसली, तर साधा पाया चालणार नाही.

मग दोन मार्ग. मुरूम पाच-सहा फुटांवर लागत असेल तर सगळी काळी माती काढून पाया मुरुमात टेकवायचा. मुरूम खोल असेल तर अंडररीम पाईल: साडेतीन मीटर किंवा अधिक खोल खांब, खाली गड्ड्यासारखा फुगवटा, फुगवट्याचा व्यास खांबाच्या अडीच पट, आणि वरून सगळ्यांना बांधणारा बीम. त्या बीमखाली तीन इंच पोकळी सोडायची, म्हणजे माती फुगली तरी बीम उचलत नाही. एवढं करूनही घर बिघडतं ते भरावात. पाया खोदून निघालेली काळी माती समोरच पडलेली असते, मिस्त्री तीच जोत्यात परत भरतो, आणि दुसऱ्या पावसाळ्यात फरशी उचलते. जोत्यात फक्त मुरूम, सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून ठोकलेले. भराव होईल त्या दिवशी स्वतः हजर राहा. घराभोवती चार फुटांचा सिमेंटचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. पिंपळ, कडुनिंब भिंतीपासून लांब, कारण मुळं मातीतलं पाणी शोषून घेतात आणि तेवढीच बाजू खचते.

बांधकाम कधी काढायचं? पेरणीच्या दिवसांत माणूस मिळत नाही, सोयाबीनच्या सोंगणीतही नाही. मे महिन्यात माणूस मिळतो, पण तराईला, म्हणजे नव्या बांधकामावर मारायला, पाणी नसतं, आणि त्या उन्हात स्लॅबला किमान दहा दिवस तराई लागतेच. दिवाळीनंतर पाया, फेब्रुवारीत स्लॅब, असं बसवा.

कागदांचं थोडक्यात. शेतजमीन घ्यायची तर तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. विदर्भाला त्यासाठी 1958 चा स्वतंत्र कुळवहिवाट कायदा आहे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (सरकारी अटींवर धारण केलेली जमीन) लिहिलेलं असेल किंवा जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. कोणी ‘करून देतो’ म्हणालं तरी तिथून उठा. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेतून गावाची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक मागा. तलाठ्याला इथे पटवारी म्हणतात, बांधाला धुरा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे निस्तार हक्काची, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या हक्काची, नोंदही बघा: मामा (माजी मालगुजारी) तलावाची वाट, गुरांची वाट तुमच्या जागेतून जात असेल तर तिथे कुंपण घालता येणार नाही, आणि घालूही नये.

भाषेबद्दल. वऱ्हाडी ही बिघडलेली मराठी नव्हे. मराठीतलं आद्य गद्य 13 व्या शतकात महानुभावांनी लिहिलं ते याच मुलखात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ दोन दिवसांत कळतं. ‘ळ’चा ‘य’ होतो: शाया, डोया, जवय. ‘जाऊन राहिलो’ म्हणजे आत्ता जातोय, कुठे राहिलेला नाही. ‘बुढी’ म्हणजे घरातली म्हातारी, त्यात अपमान नाही. बाजारात सांबार मागितला की कोथिंबीर मिळते, आलू म्हणजे बटाटा, फल्ली म्हणजे शेंगदाणे, गंज म्हणजे पातेलं. अनोळखी माणसाला ‘भाऊ’, वयस्काला ‘काका’, वाक्याला ‘जी’. बोलीची नक्कल करायची गरज नाही, ती लगेच ओळखू येते आणि टोचते. पोरांना मात्र शाळेत ती बोलू द्या, घरी येऊन ‘नीट बोल’ म्हणू नका. पूर्वेकडे झाडीबोली, मेळघाटात कोरकू, यवतमाळकडे कोलामी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. तिथे ग्रामसभेत काय चाललंय ते विचारून घ्यावं लागतं, आणि विचारलं की लोक मराठीत सांगतात.

पहिल्या आठवड्यात चार नंबर भिंतीवर लिहा: आशाताई, पोलीस पाटील, लाइनमन, आणि 108. जवळच्या कोणत्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस असते ते आधीच विचारून ठेवा. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका, बाजेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. मण्यार रात्री अंथरुणात येते, तिचा दंश दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखायला लागलं आणि पापण्या जड झाल्या तर ती अपचनाची लक्षणं समजून ओवा खात बसू नका, गाडी काढा.