उभ्या गाडीचं ओझं

गाड्यांच्या नावाने आपण बोटं मोडतो ती त्या धावतात म्हणून. धूर, हॉर्न, सिग्नलला तुंबलेली रांग. माझा राग मात्र हल्ली उभ्या गाडीवर आहे. बिचारी काहीच करत नाही, हीच तर तक्रार. दिवसातले बावीस-तेवीस तास ती नुसती उभी असते आणि तेवढा वेळ अडीच बाय पाच मीटर जागा अडवून ठेवते. साडेबारा चौरस मीटर! एवढ्यात माणसाची झोपायची खोली होते. त्यातही तिला एक जागा पुरत नाही. घराखाली एक, ऑफिसात एक, बाजारात एक. गाडी एकीकडे आणि उरलेल्या जागा तिची वाट बघत रिकाम्या.

तिच्या टपावर पिवळी पानं साचतात. काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने नाव लिहून जातं. चाकामागे झाडू पोचत नाही, तिथे कचऱ्याचा ढीग होतो. फुटपाथवर तिचं नाक घुसलेलं असतं, म्हणून चालणारा मुकाट्याने रस्त्यावर उतरतो आणि मागून येणाऱ्याच्या शिव्या मात्र त्यालाच.

२००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत काही मंडळींनी झकास गंमत केली. पार्किंगच्या मीटरमध्ये रीतसर नाणी टाकली आणि त्या चौकोनात गाडीऐवजी हिरवळ अंथरली, एक बाक ठेवला, एक झाड उभं केलं. दोन तासांचं भाडं, दोन तासांची बाग. पैसे भरलेत म्हटल्यावर कोण काय बोलणार?

जपानने हा प्रश्न मुळातच धरला. १९६२ च्या कायद्यापासून तिथे गाडी घ्यायची तर साधारणपणे आधी ती ठेवायच्या जागेचा दाखला आणावा लागतो. बाकी जगात आधी गाडी येते, मग जागेवरून भांडणं.

स्पेनमधल्या पोन्तेवेद्रा शहराने १९९९ पासून मधल्या भागातून गाड्या हटवायला सुरुवात केली. तिथल्या गर्दीतल्या कितीतरी गाड्या पार्किंग शोधत नुसत्या घिरट्या घालत होत्या. रस्त्यावरचं पार्किंगच काढलं, घिरट्या संपल्या.

म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना गाडी लागते, कबूल. बस वेळेवर येत नसेल तर धडधाकट माणसालाही लागते. पण पार्किंगचे दर वाढणार म्हटलं की जो गळा काढला जातो, तो मला पटत नाही. ती जागा आजही फुकट नाहीच. तिचे पैसे बसच्या रांगेत उभा असलेलाही भरतोय.