एका नंबरावर चार घरांचे मेसेज

लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात नोकरीला असल्यामुळे आमच्या औसा तालुक्यातील गावाकडची सगळी कागदपत्रे माझ्याच मोबाइल नंबरावर चालतात. अण्णांचा पीकविमा, दोन काकांचे बँक खाते आणि धाकट्या भावाची गॅसजोडणी अशा प्रत्येक अर्जावर गेली दहा वर्षे माझाच नंबर लिहिला जात होता, आणि त्यात मला कधी काही वावगे वाटले नव्हते. दिवसाला चाळीस-पन्नास मेसेज येत. त्यांत मंजूर झालेले कर्ज, ऑनलाइन रमी, बिनशेती प्लॉट यांचा भरणा असे. दहावी-बारावीचे निकाल लागले की शिकवणी वर्गांच्या मेसेजांची भर पडे, कारण हा लातूर आहे. रविवारी सगळे एकदम निवडून पुसून टाकणे एवढाच माझा उपाय होता.

२०२४ च्या खरिपात अण्णांनी सोयाबीनच्या हमीभाव खरेदीसाठी नोंदणी केली. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून बराच कमी दर मिळत होता. माल कोणत्या तारखेला केंद्रावर आणायचा हे मेसेजने कळणार होते. वाट पाहून मी केंद्रावर चौकशीला गेलो, तेव्हा आमची तारीख पाच दिवसांपूर्वीच होऊन गेल्याचे समजले. तो मेसेज माझ्याच बोटाने रमीच्या मेसेजांबरोबर पुसला गेला होता, याबद्दल मला शंका नाही. पुन्हा क्रमांक लागेपर्यंत थांबणे शक्य नव्हते, कारण हरभऱ्याच्या पेरणीची उधारी डोक्यावर होती. माल आडतीवर घालावा लागला आणि क्विंटलमागे सातशेच्या वर रुपयांचे नुकसान झाले. अण्णा मला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि तेच अधिक लागले.

त्यानंतर मी आधी एकेक नंबर ब्लॉक करून पाहिला, पण एक बंद केला की तोच मजकूर दुसऱ्या नावाने येई. मग दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या मार्गाने १९०९ या क्रमांकावर इंग्रजीत ‘स्टार्ट’ आणि पुढे शून्य असा मेसेज पाठवला. शून्याचा अर्थ सर्व प्रकारच्या जाहिराती बंद. बँक-विमा, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य असे वेगवेगळे प्रकार निवडूनही बंद करता येतात. भावाला भीती वाटत होती की असे केल्यावर बँकेचा ओटीपीही थांबेल. तसे होत नाही. व्यवहाराचे आणि सेवेचे मेसेज या नोंदणीनंतरही येत राहतात.

नोंदणी लागू झाल्यावर कंपन्यांच्या नावाने येणारे मेसेज निम्म्याहून कमी झाले. साध्या दहा आकडी नंबरांवरून येणारी कर्जाची आमिषे मात्र थांबली नाहीत, कारण ती पाठवणारा मुळात नोंदणीकृत जाहिरातदार नसतोच. त्यासाठी तक्रारच करावी लागते. मेसेजचा मजकूर जसाच्या तसा, स्वल्पविराम, पाठवणाऱ्याचा नंबर, स्वल्पविराम आणि तारीख, असे लिहून १९०९ ला पाठवायचे. माझी पहिली तक्रार मुदत संपल्याच्या कारणाने बंद झाली. तेव्हा मेसेज आल्यापासून तीन दिवसांच्या आत तक्रार करावी लागे आणि मी रविवारची सवय सोडली नव्हती. फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीने ही मुदत सात दिवसांची झाली, शिवाय अशा तक्रारीसाठी आधी जाहिराती बंद करण्याची नोंदणी केलेली असण्याची अटही उरली नाही. प्राधिकरणाचे डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब) ॲप घेतल्यावर हा लिहिण्याचा व्याप वाचला, मात्र ते मेसेज वाचण्याची परवानगी मागते आणि ती देताना मी दोन दिवस घुटमळलो.

याच सुमारास ‘आज रात्री साडेनऊला आपली वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याशी संपर्क साधा’ असा मेसेज आला आणि धाकटे काका फोन लावायला निघाले होते. ही जाहिरात नसून फसवणूक असल्याने तो मेसेज मी संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सोयीत नोंदवला. पैसे गेलेले असतील तर तिथे वेळ न घालवता थेट १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करायचा असतो. सुदैवाने ती वेळ आली नाही.

सर्वांत उपयोगाची गोष्ट मात्र फुकट मिळाली. मे २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर येऊ लागले : जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी आणि सरकारी मेसेजला जी. आता मी पुसण्यापूर्वी शेवटचे अक्षर पाहतो, आणि जी दिसले की उघडून वाचतो. अण्णांच्या बटणाच्या फोनवरूनही १९०९ ला फोन लावून जाहिराती बंद करून घेतल्या.

पुढच्या हंगामात हमीभाव ५,३२८ रुपये झाला. मी माझा मेसेजचा कप्पा अण्णांना दाखवला, त्यात त्या दिवशी अवघे सहा मेसेज होते. त्यांनी तो चष्मा लावून नीट पाहिला, ‘बरं झालं’ म्हणाले, आणि सोयाबीनच्या नोंदणीत स्वतःचा नंबर लिहून आले.