तीन भाषा, एक दिवस

आज कामाचा नुसता रगाडा होता, तरी जर्मन, स्पॅनिश आणि जपानी, तिघींनाही हात लागला! भांडी घासताना कानात स्पॅनिश बातम्या, झोपण्याआधी जर्मनची दोन पानं. जपानीला मात्र पहाटेचं ताजं डोकं दिलं, कारण ती अजून कोवळी आहे. वारांच्या जपानी नावात येणारी ती १८ रेघांची कांजी (चिनी लिपीतून आलेलं अक्षर) आज न बघता लिहिली, एकही रेघ न चुकता. नुसती ओळखता येणं वेगळं आणि हातातून उतरणं वेगळं. फार बरं वाटलं.

सलग तासभर मिळेल म्हणून वाट बघत बसलं की भाषा हातची जाते, हे माझं ठाम मत. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की, पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांतच सगळ्यात झपाट्याने पुसलं जातं, आणि एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा थांबत थांबत केलेली उजळणी जास्त टिकते. म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी मिळणारा वेळ ही अडचण नाहीच, उलट सोयच आहे.

तिघींना सारखा वेळ द्यायचा हट्ट मात्र मी सोडलाय. एका वेळी एकच पुढे न्यायची, बाकीच्या वाचून-ऐकून राखायच्या. हंगेरीच्या दुभाषी कातो लोंब अनोळखी शब्दांपाशी न अडता कादंबऱ्या वाचत भाषा शिकल्या. जर्मनसाठी मी तेच करते.

पोर्तुगीज कधीची खुणावतेय, पण जपानी पायावर उभी राहीपर्यंत तिला थांबावं लागेल.