निवडक डेबियन रिपॉझिटरी: डिपेंडन्सींसह, इंटरनेटविना

इंटरनेट नसलेल्या संगणकांसाठी डेबियन १३ या लिनक्स प्रणालीची स्थानिक रिपॉझिटरी (सॉफ्टवेअर पॅकेजांचा साठा) उभारण्याचे काम आता पॅकेजांच्या निवडीपर्यंत आले आहे. संपूर्ण मिरर (अधिकृत साठ्याची प्रत) ठेवायचा नाही, पण निवडलेल्या पॅकेजांची एकही डिपेंडन्सी (चालण्यासाठी लागणारे दुसरे पॅकेज) सुटता कामा नये, अशी अट असल्याने ॲप्टली हे रिपॉझिटरी तयार करण्याचे साधन घेतले. पॅकेजेस बसवणाऱ्या ॲप्ट-गेट या आज्ञेचा 'फक्त डाउनलोड' पर्याय येथे अपुरा पडतो. चालू संगणकावर आधीच बसवलेली पॅकेजेस तो वगळतो, त्यामुळे मिळालेला संच त्या एका संगणकापुरताच पूर्ण असतो.

ॲप्टलीत मिरर तयार करतानाच नावांचा फिल्टर आणि 'डिपेंडन्सींसह' हा पर्याय देता येतो. मुख्य शाखेसाठी हे उत्तम. सुरक्षेच्या दुरुस्त्या जेथे येतात त्या सिक्युरिटी शाखेला मात्र ही पद्धत लावू नये. समजा, फिल्टरमध्ये गिम्प हे चित्रसंपादनाचे पॅकेज आहे. सिक्युरिटी शाखेत गिम्प नसून त्याला लागणाऱ्या एखाद्या लायब्ररीची दुरुस्त आवृत्ती तेवढी आली असेल, तर शोध जेथून सुरू व्हायचा ते पॅकेजच तेथे सापडत नाही आणि ती दुरुस्ती कोणताही एरर न दाखवता बाहेर राहते. म्हणून सिक्युरिटी शाखा विनाफिल्टर घेतली, दोन्ही शाखांचे स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या गोठवलेल्या याद्या) प्रत्येक पॅकेजाची नवी आवृत्तीच ठेवणाऱ्या 'लेटेस्ट' पर्यायासह एकत्र केले आणि फिल्टर त्या एकत्रित स्नॅपशॉटवर पुन्हा लावला. त्यानंतरची 'व्हेरिफाय' आज्ञा अजूनही न मिळालेल्या डिपेंडन्सींची यादी देते.

दुसरा प्रश्न 'रेकमेंड्स'चा, म्हणजे एखाद्या पॅकेजासोबत शिफारस केलेल्या, पण सक्तीच्या नसलेल्या पॅकेजांचा. ॲप्ट ती पॅकेजेस आपोआप बसवते, ॲप्टली मात्र वेगळे सांगितल्याशिवाय त्यांच्या मागे जात नाही. टास्क-मराठी-डेस्कटॉपसारख्या पॅकेजांचा खरा ऐवज बहुतांशी रेकमेंड्समध्येच असतो, त्यामुळे हा पर्याय चालू न केल्यास हाती जवळजवळ रिकामे खोके येते. पर्याय चालू केल्यावर संच बराच फुगतो. तरीही मला तोच सौदा पटतो.

चाचणीसाठी नेटवर्क तोडून डीबूटस्ट्रॅप हे मूळ डेबियन प्रणाली उभारणारे साधन केवळ याच रिपॉझिटरीवरून चालवतो. त्याकरिता 'रिक्वायर्ड' आणि 'इम्पॉर्टंट' प्राधान्याची पॅकेजेसही फिल्टरमध्ये असावी लागतात.

पुढचे काम विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाईनसाठी आय३८६ (३२-बिट प्रोसेसरांचे आर्किटेक्चर) जोडण्याचे आहे. डेबियन १३मध्ये या आर्किटेक्चरला अधिकृत कर्नेल आणि इन्स्टॉलर नाही, पण लायब्ररी आहेत. दोन्ही आर्किटेक्चर एकत्र वापरताना सामायिक लायब्ररींच्या आवृत्त्या तंतोतंत जुळाव्या लागतात, म्हणून दोन्ही एकाच स्नॅपशॉटमधून प्रकाशित करणार आहे.