‘नोंद आढळून येत नाही’ : बेने इस्राएल घराण्याचा माग काढताना

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घराण्यातल्या एका नोंदीसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात दोन अर्ज केले. दोन्हींना एकच उत्तर आलं : ‘सदर नोंद आढळून येत नाही.’ यात सात महिने गेले. नोंद त्याच खोलीत, त्याच गावाच्या कोतवाल बुकात होती. अर्ज वहीला जुळेल असा लिहिलेला नव्हता, आणि खिडकीवर तसं कुणी सांगितलं नाही. कोकणातल्या ज्यू घराण्यांचा शोध घेणाऱ्या बहुतेकांचा पाय इथेच अडकतो, म्हणून आधी हेच.

कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी वही, गाव नमुना 14. त्यात तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढं मिळतं. बाळाचं नाव बरेचदा नसतं आणि आडनाव तर क्वचितच. माझ्या अर्जात मात्र हिब्रू नाव, गावावरून पडलेलं ‘-कर’ आडनाव आणि ‘धर्म : ज्यू’ असं लिहिलेलं होतं. यातला एकही शब्द वहीत नव्हता. शमुवेल तिथे सामा किंवा सामाजी असतो, यहेज्केल हसाजी, अब्राहाम अबाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1796 मध्ये बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर हेसुद्धा सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. जातीच्या रकान्यासाठी अर्जात सगळे पर्याय द्या : शनवार तेली, शनिवार तेली, इस्राएल, बेनी इस्राएल, यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून शनवार तेली. नुसतं ‘तेली’ दिसलं तरी ती ओळ सोडू नका, पण दुसऱ्या पुराव्याशिवाय धरूही नका.

‘आढळून येत नाही’ याचे तीन अर्थ होतात. वहीच नाही; वही आहे पण त्या वर्षाची पानं नाहीत; किंवा वही पाहिली आणि नाव सापडलं नाही. यातला कोणता, ते लेखी मागा. मला ते पहिल्या दिवशी कळलं असतं तर दुसरा अर्ज करावाच लागला नसता. म्हणून सुरुवात नकलेच्या अर्जानं करू नका. आधी माहिती अधिकारात दोनच गोष्टी मागा : अमुक गावाच्या नमुना 14 च्या उपलब्ध वर्षांची यादी, आणि त्या वह्यांची प्रत्यक्ष पाहणी. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, उत्तराची मुदत 30 दिवस आणि पुढचं पहिलं अपील आणखी 30 दिवसांत. एका अर्जात एकच गाव आणि जास्तीत जास्त दहा वर्षं. ‘1860 ते 1930’ असं लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. वही हातात आली की पान क्रमांक, अनुक्रमांक आणि तारीख टिपून घ्या, मग नकलेचा अर्ज करा. पान क्रमांक दिला की शोधायचं काम उरत नाही, आणि नक्कल मिळते.

जुन्या वह्या मोडीत आहेत, तेव्हा पाहणीला मोडी वाचणारा माणूस सोबत हवा. पुराभिलेख विभाग आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. अक्षरओळख काही आठवड्यांत होते, तलाठ्याचं घाईचं अक्षर वाचायला मात्र महिने लागतात. आणखी एक सापळा : मोडीतलं ‘अमुक बिन तमुक’ वाचून हिब्रू ‘बेन’ (मुलगा) सापडल्याचा आनंद होतो. कोकणातल्या कुणब्याच्या नोंदीतही तेच ‘बिन’ असतं. त्यावरून कुणी ज्यू ठरत नाही.

कोणत्या गावाची वही मागायची, हे आडनावावरून ठरवू नका. रोहेकर घराणं मूळ रोह्याचं, पण 1880 मध्ये ते तिथे राहत होतं असं नाही. राहतं गाव कळायला सिनेगॉगचं लग्नाचं रजिस्टर, कतुबा म्हणजे लग्नाचा करारनामा, आणि शाळेचं जनरल रजिस्टर पाहा. अलिबागचं सिनेगॉग 1848 चं, पनवेलचं 1849 चं, पेणचं 1863 चं. आसपासच्या गावांची लग्नं तिथे लागत. तिथल्या विश्वस्तांना आधी कळवून, मुलीच्या माहेरच्या नावासह विचारा. कतुबेत वधू ‘अमुक बात तमुक’ अशी, बापाच्या नावानं असते. सासरी नाव बदललं असेल तर तिचं मूळ नाव तिथेच सापडेल.

जिल्ह्याचं नाव 1981 पर्यंत कुलाबा होतं. जुन्या सूचीत ‘रायगड’ शोधून काही निघत नाही, आणि इंग्रजी सूचीत ‘कोलाबा’ शोधलं की मुंबईतल्या कुलाब्याचे कागदही त्यात मिसळतात. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा भाग 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होता. तिथल्या कागदांची चौकशी वेगळी करावी लागते.

कबरींसाठी पावसाळ्यानंतरचे कोरडे महिने निवडा. शेवाळं तारेच्या ब्रशनं खरवडू नका, खडू फासू नका. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि सकाळचं तिरपं ऊन किंवा आरशानं टाकलेला उजेड पुरतो. मराठी मजकूर असला तरी हिब्रू ओळ वाचा, कारण बापाचं नाव तिथे असतं. सालाची अक्षरं ‘ताव-रेश’नं सुरू होत असतील तर साल साधारण 1839 ते 1939 मधलं. हिब्रू सालातून 3760 वजा करा. तिश्री (हिब्रू वर्षाचा पहिला महिना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराचा) ते डिसेंबरअखेरची तारीख असेल तर 3761. म्हणजे 5657 चा तिश्री 1896 मध्ये येतो. दिवस सूर्यास्तापासून मोजतात, त्यामुळे म्युनिसिपालिटीच्या दाखल्याशी एका दिवसाचा फरक ही चूक नव्हे. ‘दालेत’ आणि ‘रेश’, ‘हे’ आणि ‘हेत’ या हिब्रू अक्षरांच्या जोड्या झिजलेल्या दगडावर सारख्याच दिसतात.

हे वाचन शिकायला ज्यूइशजेन या ज्यू वंशावळींच्या संकेतस्थळाचे ऑनलाइन अभ्यासक्रम चांगले आहेत. त्यांचा भर पूर्व युरोपवर असतो. कोकणासाठी त्यातलं कबरीचं वाचन, पंचांग आणि पुरावा मांडायची पद्धत तेवढी घ्या. जगभरच्या ज्यू कबरींची त्यांची सूची मोफत खातं उघडून पाहता येते. डीएनए चाचणीचा निकाल जपून वाचा. पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं झालेल्या समाजात लांबचे नातेवाईक जवळचे दिसतात, म्हणून ‘चुलत भावंड’ असं आलं तरी कागद मिळेपर्यंत वंशवृक्षात घालू नका.

इस्राएलमधल्या नातेवाइकांना 1962 ते 1964 या काळाबद्दल मुद्दाम विचारा. तेव्हा तिथल्या मुख्य रब्बीनेटच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या सर्वोच्च संस्थेच्या, सूचनेवरून बेने इस्राएलांच्या लग्नाआधी मागच्या पिढ्यांची चौकशी होई. मोठ्या आंदोलनानंतर 1964 मध्ये ते थांबलं. त्या वर्षांत ज्यांचं लग्न ठरलं, त्यांच्या पेटीत जुने दाखले असायची शक्यता जास्त.

आणि घराण्याची जमीन होती असं कळलं तर नमुना 6, म्हणजे फेरफार, सोडू नका. खातेदार वारला की वारस नोंद होते आणि त्यात वारसांची नावं नात्यासह एका जागी येतात. कोतवाल बुकात मृत्यूची तारीख सापडली की फेरफारात त्यापुढची दोन-तीन वर्षं पाहा. वारस नोंद उशिरा होते.