तुम्ही विचारलंत म्हणून: ‘शो’ म्हणजे दाखवणंच ना?

मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवतो. दुकानदार असतात, नोकरदार असतात, परदेशी मुलाकडे निघालेले आजी-आजोबा असतात. प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, ‘‘सर, शो म्हणजे दाखवणंच ना? मग अडतं कुठे?’’

अडतं ते आपल्या ‘दाखवणे’मुळे. आपण देवाला नैवेद्य दाखवतो, ज्योतिषाला हात दाखवतो, हात दाखवून एसटी थांबवतो, डॉक्टरांना दाखवून येतो आणि वेळ पडली तर इंगाही दाखवतो. यातला ज्योतिषापुढचा हात आणि फार तर इंगा तेवढा ‘शो’च्या हद्दीत येतो. नैवेद्य ‘ऑफर’ करायचा. एसटी ‘फ्लॅग डाउन’ करायची. डॉक्टरांच्या बाबतीत तर सगळं उलटंच. आपण त्यांना दाखवतो आणि इंग्रजी माणूस त्यांना पाहून येतो: ‘आय सॉ अ डॉक्टर’. ‘आय शोड टू द डॉक्टर’ असं म्हणालात, तर तो काय दाखवलंत याची वाट बघत बसेल.

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थच ‘पाहणे’ होता. त्याचा जर्मन भाऊबंद ‘शाउएन’ अजून पाहण्याचंच काम करतो. इंग्रजीत मात्र पाहणाऱ्याचं क्रियापद दाखवणाऱ्याकडे गेलं.

तरी ‘शो’ नुसत्या दिसण्यालाही चालतो, आणि तिथे आपले लोक तो वापरायला बिचकतात. ‘द स्टेन डझन्ट शो’ म्हणजे डाग दिसत नाही. ‘यू आर टायर्ड, इट शोज’ म्हणजे दमलायस, चेहऱ्यावर दिसतंय. सुनेबद्दल कुणी ‘शी इज स्टार्टिंग टू शो’ म्हणालं, तर आजींनी लगेच डिंकाच्या लाडवांच्या तयारीला लागावं. पोट दिसायला लागलंय. आणि ‘ही डिडन्ट शो अप’ला आपल्याकडे इतका चपखल शब्द आहे की मला दरवेळी बरं वाटतं: तो उगवलाच नाही.

आता ‘टू’. ‘मला’मधला ‘ला’ आपल्याला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून ‘ही शोड टू मी द फाइल’ तोंडात येतं. माणूस आधी आला तर ‘टू’ नको: ‘ही शोड मी द फाइल’. फाइल आधी आली तर ‘टू’ हवा: ‘ही शोड द फाइल टू मी’. इथवर सगळे माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी ‘एक्स्प्लेन मी’ म्हणतं. ‘एक्स्प्लेन’ला ही सवलत नाही, तिथे ‘एक्स्प्लेन इट टू मी’च. असं का, ते मला विचारू नका. इंग्रजीला विचारा.

पण हाच ‘टू’ एका जागी चुकला तर पाहुणा तुटेल. ‘शो हिम टू द डोअर’ म्हणजे त्यांना दारापर्यंत सोडून ये. ‘शो हिम द डोअर’ म्हणजे हाकलून दे. आपण ‘बाहेरचा रस्ता दाखवला’ म्हणतो, तेच हे.

दाखवण्याचे बाकीचे इंग्रजी शब्द सोपे: ‘डिस्प्ले’ दुकानाच्या काचेत, ‘डेमो’ मिक्सर विकणाऱ्याकडे, ‘एक्झिबिट’ प्रदर्शनात किंवा कोर्टात. आपल्या कोर्टाच्या मराठीत तिला निशाणी म्हणतात. यांच्यावर मी फार वेळ घालवत नाही, कारण घोळ त्यांच्यात होत नाही.

घोळ होतो तो आपण घरी आणून ठेवलेल्या शब्दांचा. ‘नुसता शो आहे’ हे इंग्रजीतही जवळजवळ तसंच चालतं. ‘शोपीस’ मात्र चालत नाही. आपला शोपीस म्हणजे हॉलमधल्या काचेच्या कपाटातला चिनी मातीचा हत्ती. इंग्रजीत शोपीस म्हणजे एखाद्या प्रकारातला मिरवावा असा सर्वोत्तम नमुना. तुमच्या हत्तीला तो मान द्यायचा असेल तर माझी हरकत नाही. नाहीतर ब्रिटनमध्ये त्याला ‘ऑर्नामेंट’ म्हणा. दागिना म्हणतोय असं कुणाला वाटणार नाही.