साडेसात वाजले की भडंगच्या अंगात यायचं

आमच्या घरात एक आरामखुर्ची आहे, सागवानी, आबांनी स्वतःच्या हातानं केलेली, त्यांच्या लग्नाच्याही आधी, म्हणजे घरात माझ्यापेक्षा सीनियर. आबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नमेकर. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत जो ठसा उठवतात त्याचा लाकडी नमुना करणारा माणूस. आयुष्य त्याच कामात गेलं, त्यामुळं लाकडाच्या बाबतीत अर्ध्या मिलिमीटरचं पण ऐकून घेत नाहीत. तर त्या खुर्चीचा पुढचा डावा पाय, जूनच्या शेवटी घरात आलेल्या जेमतेम अडीच किलोच्या एका प्राण्यानं तीन आठवड्यात खालून पार कणसासारखा करून ठेवला.

मला वाटलं आता घरात युद्ध. आबा आले, चष्मा लावला, खाली उकिडवे बसले, पायावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मशिनिंग अलाउन्स ठेवायला पाहिजे होता." (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओतून निघालेला तुकडा, म्हणजे कास्टिंग किंवा जॉब, नंतर मशिनवर घासायचा असतो म्हणून पॅटर्न मुद्दाम थोडा जाड ठेवतात, तो अलाउन्स.) मग उठून हात धुवायला गेले. मी बोलायला तोंड उघडलं होतं ते तसंच बंद केलं.

प्राण्याचं नाव भडंग. गावठी कुत्र्याचं पिल्लू, आबांच्या वर्कशॉपच्या मागं वाळूच्या ढिगावर सापडलेला. रंग भडंगासारखा, म्हणजे मसाला लावलेल्या चुरमुऱ्यासारखा पिवळसर आणि मधेमधे शेंगदाण्यासारखे तपकिरी ठिपके, त्यामुळं नावाला फार विचार करावा लागला नाही. आला तेव्हा दोन महिन्यांचा. लसी पूर्ण व्हायच्या होत्या म्हणून डॉक्टरांनी बाहेर रस्त्यावर सोडायचं नाही असं बजावलेलं, पार्व्हो नावाचा रोग लागला तर पिल्लू दोन-तीन दिवसात जाऊ शकतं. आणि बाहेर सोडणार तरी कुठं, जुलै महिना, आमच्याकडचा पाऊस, सगळं गाव सकाळ-संध्याकाळ राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसलेलं, ३९ फूट झालं का, इशारा पातळी ओलांडली का, आता ४३ ला धोका पातळी, राधानगरीचे दरवाजे उघडले का. घरात दोऱ्या बांधून ओले कपडे, दमट वास, मी वर्क फ्रॉम होम, आज्जी, आई, आबा आणि मधी हा.

काय काय खाल्लं ते सांगतो. खुर्चीचा पाय झालाच. दिवाणाचा कोपरा. आज्जीच्या जपमाळेची पिशवी (माळ वाचली). लॅपटॉपच्या चार्जरची वायर, नशीब की बटण बंद होतं, त्या दिवशी माझे हातपाय गार पडलेले, तेव्हापासून घरातल्या सगळ्या वायरी कमरेच्या वर गेल्या त्या आजतागायत खाली आल्या नाहीत. आणि माझं कोल्हापुरी पायताण.

पायताणाची चूक माझीच. पावसात कोल्हापुरी कोण घालत नाही, कातडं भिजलं की फुगतं, शिवण जाते, म्हणून उन्हाळा संपला की सगळ्यांची जोडं तेल लावून आत खोक्यात. आता विचार करा, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं जाड कातडं, वरून तेल, खोका जमिनीला टेकून. कुत्र्याच्या नाकाला हे म्हणजे रविवारचं ताट वाढून ठेवल्यासारखं. त्याच्या आधी मी अजून एक शहाणपणा केलेला, माझं एक जुनं झिजलेलं पायताण त्याला खेळायला दिलं, म्हटलं घे, हे तुझं, बाकीच्यांना हात लावू नकोस. खुळ्यासारखं! त्याला काय कळणार जुनं कुठलं आणि चप्पल लाईनमधनं गेल्या दिवाळीला आणलेलं कुठलं. दोन्हीला माझ्याच पायाचा वास. त्याच्या हिशोबानं मीच परवानगी दिलेली.

एवढ्यावर शिकलो असतो तर ठीक, पण नाही. कुठंतरी वाचलं की दात येताना गार वस्तू चावायला दिली तर हिरड्यांना बरं वाटतं. आईनं आबांचा जुना पंचा फाडला, भिजवून पीळ घातला, गाठी मारल्या, फ्रीजरमध्ये टाकला. भडंग खूश. दोन दिवसांनी आबा अंघोळ करून बाहेर आले आणि हा त्यांच्या कमरेच्या पंच्याला लोंबकळला. पुढचं लिहीत नाही, आबा कधीतरी हे वाचतील. तेव्हापासून नियम असा की भडंगची वस्तू म्हणजे घरात दुसऱ्या कुणाचीच कधीच नव्हती अशी वस्तू. नवा जाड दोर, रबराचं पोकळ खेळणं ज्यात बिनसाखरेचं दही भरून गोठवायचं, आणि गार गाजर. गाजर म्हणजे तर नाद खुळा. फक्त समोर बसून द्यायचं, मोठे तुकडे गिळतोय का ते बघायचं.

सल्ले देणाऱ्यांची तर आपल्याकडं काय कमी नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या खुर्चीला कांदा-लसूण चटणी फास, एकदा जीभ भाजली की जन्मात जाणार नाही. आता आमच्याकडची चटणी म्हणजे माणसाच्या डोळ्यातनं पाणी काढणारी, पिल्लाच्या डोळ्यात-नाकात गेली तर काय होईल, शिवाय कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्याला विषारी, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "आमचा टायगर तर रोज रस्सा-भाकरी खायचा." टायगर किती वर्षं जगला ते विचारायचा मोह आवरला. दुसरा सल्ला नळीचा. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेच्या दिवशी घरात मटण, पाहुणे जेवायला, आणि प्रत्येक जण ताटातली नळी चोखून झाली की, "दे की त्याला, कुत्र्याचं खाणंच ते हाय." शिजवलेलं हाड कडक होतं, चावलं की त्याच्या टोकदार फाका होतात, त्या घशात नाहीतर आतड्यात घुसतात. मी सगळ्यांना हेच सांगत पंगतीतनं फिरत होतो, पांढरा रस्सा गार झाला माझा. मामा म्हणाले, एवढं शिकून शेवटी हाडं गोळा करायलाईस होय रे.

मी स्वतः कारल्याचा रस लावून बघितला. भडंगनं चाटला, तोंड वाकडं केलं, शिंकला आणि खुर्चीच्या उजव्या पायाकडं गेला. मग दुकानात मिळतो तो कडू स्प्रे आणला, त्यानं थोडा फरक पडला पण तो सारखा मारावा लागतो, वाळला की संपला.

आणि ओरडणं. ते तर सगळ्यांनी केलं. मी मीटिंग संपवून बाहेर यायचो, दिवाणाचा भुसा पडलेला बघायचो, भडंगला उचलून तिथं न्यायचो, बोट दाखवून बोलायचो. तो कान पाडून, शेपूट आत घालून बसायचा, आई म्हणायची बघ बघ, कळतंय त्याला. नाही कळत हो. दहा मिनिटांपूर्वी काय केलं आणि आता हा का बोंबलतोय याची सांगड त्याच्या डोक्यात बसत नाही, तो फक्त माझा चढलेला आवाज आणि वाकलेलं अंग बघून घाबरतोय. आठवडाभर असं केल्यावर झालं काय, तर तो चावायचा थांबला नाही, दिवाणाखाली आत भिंतीला लागून जिथं माझा हात पोचत नाही तिथं जाऊन चावायला लागला.

सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळी साडेसात. देवापुढं दिवा लागला, आई भाकरी थापायला बसली की ह्याच्या अंगात यायचं. घरभर गोल गोल पळणं, गुरगुरणं, आज्जीच्या लुगड्याचा काठ पकडणं, खुर्चीवर तुटून पडणं, अडवलं तर हातावर दात. पिल्लाचे दात सुईसारखे असतात, माझे दोन्ही हात बघून क्लायंट कॉलवर एकानं विचारलं की मांजर पाळलंय का. आम्हाला वाटायचं, दिवसभर कोंडलाय, एनर्जी साठलीय, दमवला पाहिजे. म्हणून मी साडेसातला बॉल घेऊन अजून पळवायचो. जितका पळवायचो तितका जास्त पिसाळायचा.

तिसऱ्या लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांना हे सगळं रडगाणं ऐकवलं, खुर्चीचे फोटो दाखवले. त्यांनी फोटोकडं नीट बघितलं पण नाही, विचारलं, "झोपतो किती?"

मी म्हटलं रात्री झोपतो की.

"आणि दिवसा?"

हे कुणी मोजलंच नव्हतं. घरी येऊन मोजलं तर दिवसात सगळं मिळून तीन तास पण नीट नाही. झोपला की शेजारची पोरं "भडंग उठलाय काय?" म्हणत दारात, आज्जीचा टीव्ही, कुकरची शिट्टी, आबा जेवायला आले की त्याला उचलून घेणार, कुणी आलं गेलं की दाखवायला उठवणार. या वयाच्या पिल्लाला दिवस-रात्र मिळून अठरा ते वीस तास झोप लागते. आमचा बाराच्या आसपास होता. म्हणजे साडेसातला जे व्हायचं ते एनर्जीनं नव्हतं, लहान पोरगं लग्नघरात झोपेला आलेलं असतं आणि कुणी निजवत नाही, मग ते कारण नसताना भोकाड पसरतं, तेच. आणि मी त्याला बॉल टाकत होतो.

आबांनी एका रविवारी मधल्या खोलीच्या दाराला प्लायवूडचं गुडघ्याएवढं फाटक केलं. पहिल्याच दिवशी त्यानं प्लायची कड खाल्ली, मग आबांनी कडेनं ॲल्युमिनियमचा अँगल ठोकला आणि म्हणाले आता खा. आत त्याचं अंथरूण, पाणी, दोर, खिडकीला पडदा. ठरवलं की साधारण तासभर जागा, त्यात शी-शू, खाणं, खेळणं, शिकवणं काय ते, मग दीड-दोन तास आत. पहिले दोन दिवस आत सोडलं की कुईकुई, आज्जीचा जीव वर-खाली, "कोंडलंय मुक्या जीवाला." मी फाटकाजवळ लॅपटॉप घेऊन बसायचो म्हणजे त्याला कोण दिसत राहावं, दोर तोंडात द्यायचो, चावत चावत झोपायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून स्वतःच आत जायला लागला. दारावर पोरांसाठी चिठ्ठी लावली, भडंग झोपलाय, पाच वाजता या. पोरं पाचला पाच कमी असताना हजर.

साधारण आठवड्यानं एका संध्याकाळी भाकरीचा आवाज चालू होता आणि आई आतनं म्हणाली, आज एवढं गप्प कसं? साडेसात वाजून गेलेले. हा फाटकाच्या आत उताणा, चारी पाय वर.

चावणं काय संपलं नाही, संपणार पण नव्हतं, पण झोप झालेलं पिल्लू ऐकायच्या मनःस्थितीत असतं एवढा फरक. तेव्हा "सोड" शिकवता आलं. नको ते तोंडात दिसलं की ओढायचं नाही, मागं पळायचं तर अजिबात नाही, पळालं की त्याला शिवणापाणी वाटतं. नाकासमोर उकडलेल्या चिकनचा, मीठ-मसाला काही नसलेला, बोटाच्या पेराएवढा तुकडा धरायचा, त्यानं तोंड उघडलं की "सोड" म्हणायचं, तुकडा द्यायचा आणि लगेच त्याचा दोर हातात द्यायचा. आधी तोंड उघडतंय तेव्हा शब्द, मग काही दिवसांनी शब्द आधी आणि तुकडा नंतर. आज्जीनं हे सगळ्यात लवकर उचललं, फक्त ती "सोड रे बाळा" म्हणते, त्यामुळं तिचं ऐकतो आणि माझ्या नुसत्या "सोड"ला विचार करतो. एक तोटा झाला, महिन्याभरात साहेबांना धंदा कळला. मुद्दाम माझा सॉक आणून समोर बसायचा, चिकन कुठाय म्हणून. मग सॉक कपाटात गेले, उपाय दुसरा नाही.

दात पडायला लागले चौथा महिना संपता संपता, ऐन गणपतीच्या धांदलीत. पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात, ते पडून बेचाळीस येतात, सहा-सात महिन्यांपर्यंत हे चालतं. बहुतेक दात ते गिळूनच टाकतं, पण एक आईला केर काढताना सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा. आज्जीनं तो तळहातावर घेतला, मागच्या दाराला गेली आणि आमचे टाकायची तसाच कौलांवर फेकला. त्या दिवसांत हिरड्या सुजलेल्या, दोराला थोडं रक्त लागायचं, गाजराचा खप दुप्पट, आणि चौरंगाचा एक कोपरा गेला. गणपतीच्या खालचा चौरंग, त्यामुळं कुणी काही बोललं नाही, कोपरा भिंतीकडं फिरवला.

आता सात महिने झालेत. सकाळी रंकाळ्यावर जातो आम्ही, तिथं वास घेत फिरला की घरी येऊन आडवा होतो. खोकं आता माळ्यावर असतं, आणि नवीन पायताण घेतलं तरी मी ते रात्री उंच फळीवरच ठेवतो, भरवसा आहे पण एवढा पण नाही. डॉक्टर म्हणालेत वर्ष-दीड वर्षापर्यंत मधेच एखादी लहर येणार.

खुर्ची तशीच आहे. आबांनी सागवानाचा एक बरोबर मापाचा तुकडा शॉपवरनं आणून ठेवलाय, पाय बदलायला त्यांना अर्धा दिवस पण लागणार नाही. मी परवा विचारलं, आबा, कधी बसवताय? ते त्याच खुर्चीत पेपर वाचत होते, भडंग पायाशी दोर चावत होता.

"जॉब अजून मशिनवर हाय," म्हणाले. "उतरला की बघू."